मुतलकच्या ससाणीचा लिलाव

गुरुवार होता. तरफा कॉलेजमधून परस्पर शेतघरावर आली तेव्हा तिचे वडील मुतलक अंगणातल्या तंबूत मांडी घालून बसले होते. समोर डिंकाची बाटली, बारीक कानस आणि बांबूच्या दोन-चार सळया मांडून ठेवलेल्या. नादराच्या, म्हणजे त्यांच्या ससाणीच्या, शेपटीचं एक पीस सकाळी खुंटीत अडकून मोडलं होतं. मोडक्या पिसाचं टोक कापायचं, त्याच्या पोकळीत सळई बसवायची आणि तिच्यावर मागच्या एखाद्या पक्ष्याचं झडलेलं पीस सांधायचं, असं ते काम. त्याला दोन माणसं लागतात, आणि शेतावरचा रखवालदार तर ससाण्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे.

"बरं झालं आलीस," मुतलक म्हणाले. "धर हिला. बाही सांभाळ, नख लागलं तर माझ्या नावाने ओरडशील."

जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली ससाणी तरफाने मांडीवर घेतली. डोळ्यांवर चामड्याची टोपी असल्यामुळे ती गप्प होती, पण कापडाखालचं काळीज असं धडधडत होतं की तरफाला ते स्वतःच्या मनगटात जाणवू लागलं. मुतलकची बोटं जाड होती आणि अलीकडे थरथरायची. पिसाला हात लावला की मात्र थरथर थांबायची. काम चालू असताना ते बोलत राहिले. विहिरीची मोटर पुन्हा बिघडली होती. नाइफने, म्हणजे तरफाच्या धाकट्या भावाने, तिसरी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. तरफाने हल्ली काय वाचलं, हेही त्यांनी विचारलं. तिने नाव सांगितल्यावर, त्यात कोण मरतं, असं विचारलं. शेवटी सगळेच, असं तिने सांगितल्यावर ते हसले. मग अशा पुस्तकावर पैसे कशाला घालवायचे, ते तर फुकटात कळतं, म्हणाले.

पीस बसलं. त्यांनी फुंकर घालून डिंक वाळवला.

"पुढच्या आठवड्यात वारा फिरेल. मग उत्तरेला नेऊन सोडून देऊ हिला. येतेस?"

हे ते दर मार्चमध्ये विचारायचे. शरद ऋतूत किनाऱ्यावरच्या फासेवाल्याकडून रानातला पक्षी आणायचा, हिवाळाभर त्याच्यासोबत शिकार करायची आणि परतीचा वारा सुटला की पायातल्या दोऱ्या कापून त्याला मोकळं करायचं. त्यांच्या वडिलांनी असंच केलं होतं, तेही तसंच करत आले होते.

"पेपर तपासायचे आहेत, बाबा."

"तुमच्या पोरी वर्षभर परीक्षाच देत असतात वाटतं."

खरं कारण वेगळं होतं, पण ते तिने कधी सांगितलं नव्हतं. चाळिशी ओलांडली तरी सांगितलं नव्हतं. दोघं जरीश, म्हणजे भरडलेल्या गव्हाची खिचडी, जेवले. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत त्यांनी दोनदा वाढून घेतलं. निघताना त्यांनी तिच्या गाडीत कोथिंबिरीच्या एवढ्या जुड्या टाकल्या की रियाधपर्यंत गाडीला वाटणाचा वास येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदाराचा फोन आला. पहाटेची नमाज झाल्यावर मोठे मालक जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

*

दुखवट्याचे दिवस माणसांच्या गर्दीत गेले. तिसऱ्या दिवशी बायकांच्या दिवाणखान्याच्या दारात उभं राहून नाइफने हळूच विचारलं होतं, नादराचं मी बघतो, चालेल ना? तरफाच्या हातात कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, वाटी होती. ती काही बोलली नाही. उन्हाळ्यात त्याने फोनवर सांगितलं की पक्षी गार खोलीत ठेवला आहे, नवी पिसं सुरेख येत आहेत, आणि ऑक्टोबरच्या मोठ्या प्रदर्शनात त्याचा लिलाव करावा असं सगळ्यांचं मत आहे. तेव्हाही ती काही बोलली नाही. आईने कानावर हात ठेवले होते, तुम्ही दोघं मिळून ठरवा म्हणून. आणि तरफाचं गप्प बसणं म्हणजे होकार, असा त्या घराचा वर्षानुवर्षांचा समज होता. तिच्या लग्नाच्या वेळीही तसंच धरलं होतं, आणि ते लग्न किती टिकलं ते सर्वांना माहीत होतं.

प्रदर्शन शहराच्या उत्तरेला, माळावर उभारलेल्या अवाढव्य मांडवांत होतं. शिकार आणि संवर्धन, असं कमानीवर लिहिलेलं. आत शिरल्यावर संवर्धन हा शब्द जिथे तिथे दिसायला लागला. बंदुकीच्या गोळ्यांच्या खोक्यांवर होता. कहव्याच्या कागदी कपांवर होता. एका दुकानात सोन्याचा मुलामा दिलेल्या, ससाण्याला घालायच्या टोप्या मांडल्या होत्या; त्यांच्या मखमली डब्याच्या झाकणावरही तो शब्द होता. ऊदाचा धूर, नव्या रबरी गालिच्यांचा दर्प आणि त्याखालून येणारा पक्ष्यांच्या विष्ठेचा आंबूस वास. तरफाने ओढणीचा पदर नाकाशी धरला आणि भावाच्या मागे चालू लागली.

"आधी तुला एक गंमत दाखवतो," नाइफ म्हणाला. त्याने नवा पांढरा थोब, म्हणजे पायघोळ अंगरखा, घातला होता. तो इतका खूश होता की तिला त्याच्यावर रागावणं जड जात होतं.

गंमत म्हणजे भिंतीएवढा मोठा फोटो. मुतलक, पन्नाशीतले, हातावर ससाणा, मागे वाळू. खाली ठसठशीत अक्षरांत : वाळवंटाचा रक्षक. लोक फोटोपुढे उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते. तरफा तिथे बराच वेळ थांबली. हा फोटो तिने लहानपणापासून शेतघराच्या भिंतीवर पाहिला होता. इथे तो कमरेपाशी कापलेला होता. घरच्या फोटोत कमरेखाली मुतलकचे पाय होते, आणि पायांपुढे मेलेले हुबारा ओळीने अंथरलेले होते. हुबारा म्हणजे माळढोकाच्या जातीतला लाजरा पक्षी. माना एका बाजूला, पंख पसरलेले, जाजम घालावं तसे. त्या मोसमात ते परदेशातल्या कुठल्या तरी माळावर गेले होते, आणि दुसऱ्या वर्षी गेले तेव्हा तिथे एकही हुबारा नव्हता, हेही त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

"खालचं कुठे गेलं?" तिने विचारलं.

"खालचं काय?" नाइफ म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अगं, जागेत बसत नव्हतं."

पुढच्या मांडवात नकली वाळूवर एक यांत्रिक हुबारा फडफडत पळत होता. ससाण्यांना शिकवायला जिवंत पक्षी लागू नये म्हणून ही सोय, असं तिथला माहिती देणारा माणूस सांगत होता, आणि यंत्र उलटं पडून पाय झाडायला लागलं की मुलं टाळ्या पिटत होती. शेजारच्या जाळीत खरे हुबारा होते. यंत्रात उबवलेले, पायात कडी असलेले. माळावर सोडायला वाढवले आहेत, असा फलक होता. ते कधी सोडतात, असं तरफाने तिथल्या मुलीला विचारलं. मोसमाच्या आधी, ती म्हणाली. आणि ते मोसमानंतरही असतात का? मुलीने गोड हसून तिच्या हातात चॉकलेटचं अंडं ठेवलं.

तिथून पुढे आफ्रिकेत पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्यांची रांग लागली. उन्हाने भाजून लाल झालेला एक माणूस दुभाष्यामार्फत नाइफला समजावत होता की म्हातारा सिंह नाहीतरी मरायचाच असतो. तुम्ही मारलात तर त्या पैशातून गावात शाळा निघते. त्याची बायको शेजारी बसून प्रत्येकाला पुस्तिका देत होती. पुस्तिकेत सिंह होते, वयाप्रमाणे आणि आयाळीच्या रंगाप्रमाणे, लग्नाचे शालू दाखवतात तसे पानोपान.

"मुंडकं घरपोच मिळतं का?" नाइफने विचारलं.

"विम्यासकट," दुभाषी म्हणाला.

नाइफने पुस्तिका खिशात घातली. घेणार नव्हता तो. फुकट मिळालेलं टाकायचं नाही, एवढाच भाग होता. तरफा पुढे निघाली. समोर पेंढा भरलेल्या बिबट्याच्या पाठीवर कोणी तरी आपलं तान्हं बाळ बसवलं होतं आणि त्याने हसावं म्हणून खुळखुळा वाजवत होतं. बिबट्याचे काचेचे डोळे थोडे तिरळे बसले होते. जन्मभर बंदुकीला जो चकवत राहिला असेल, तो आता तिरळा होऊन खुळखुळ्याकडे बघत होता.

*

ससाण्यांच्या मांडवात मात्र शांतता होती. हिरव्या प्लास्टिकच्या गवतावर खुंट्यांच्या रांगा, प्रत्येक खुंटीवर टोपी घातलेला एक पक्षी. मधूनच एखादा अंग फुलवायचा, पायातली दोरी ताणून बघायचा आणि पुन्हा गप्प व्हायचा. नादरा दुसऱ्या रांगेत होती. नव्या पिसांनी ती आणखी मोठी, आणखी फिक्या रंगाची दिसत होती. तरफाने हात पुढे केला आणि मागे घेतला.

तिथे खुर्चीवर अबू गाझी बसले होते. मुतलकचे चाळीस वर्षांचे शिकारीतले सोबती. तिला पाहून त्यांचे डोळे भरले, त्यांनी मृताला दुवा दिली आणि लगेच कहवा मागवला.

"मुतलकच्या पोरी, बस. हिला कोण घेणार माहीत आहे का? तो बघ."

त्यांनी हनुवटीने दाखवलेला माणूस गोल चेहऱ्याचा, मृदू बोलणारा आणि अत्तरात भिजलेला होता. सगळे त्याला अबू रयान म्हणत. त्याचा ससाणे पैदा करायचा मोठा व्यवसाय होता. तो स्वतःच उठून आला, मुतलकविषयी चार चांगले शब्द बोलला आणि मोबाइलवर आपली जागा दाखवू लागला. लांबच लांब खोल्या, खिडक्या नाहीत. दिवे यंत्राने कमी-जास्त होतात, म्हणजे पक्ष्याला कधीही वसंत आला असं वाटतं. अंडं घातलं की लगेच काढून घ्यायचं, म्हणजे ती आणखी घालते. कधी कधी माणसाच्या हाती वाढलेल्या नराला माणसातच आपली मादी दिसते. मग कामगाराने खास टोपी घालून त्याच्यापुढे बसायचं आणि टोपीवर पडेल ते गोळा करायचं. हे ऐकून आजूबाजूचे पुरुष खो खो हसले. आपल्याकडच्या त्या कामगाराला मित्र जावईबापू म्हणतात, असंही अबू रयानने सांगितलं, आणि मग बाई समोर आहे हे आठवून खाकरला.

"आणि हिला उडायला?" तरफाने विचारलं.

"उडायची काय गरज?" तो खरोखरच चकित झाला. "जेवण हाताशी, हवा गार, कसली भीती नाही. राणीसारखी राहील, बहिणी. रानातलं असलं भारी रक्त आता मिळतं कुठे? हे जपलंच पाहिजे."

तो गेल्यावर अबू गाझींनी नुसती मान हलवली. मुतलकला हे रुचलं नसतं, असं ते म्हणाले, आणि कहव्याचा घोट घेतला. मग तुम्ही नाइफला का बोलत नाही, असं तिने विचारलं. त्यांनी खजुराची बी ताटलीत टाकली.

"मी कोण बोलणारा? वारस तुम्ही. मेलेल्याच्या पक्ष्याचा सौदा पक्का करायच्या आधी दलाल सगळ्यांदेखत विचारतो, वारस राजी आहेत का म्हणून. एकही नाही म्हणाला तर सौदा होत नाही. पण तू तर राजी आहेस, असं नाइफ सांगतो."

"मी असं म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस का?"

ती काही बोलली नाही.

"मग झालं तर," अबू गाझी म्हणाले. "निकाहात मुलगी गप्प राहिली की काजी होकार लिहितो. इथे वेगळं काय असणार?"

तरफा उठली. नाइफ पक्ष्याचं वजन करून परत येत होता. तिने त्याला गर्दीतून बाजूला घेतलं आणि बाबांनी हिला सोडायचं ठरवलं होतं, असं सांगितलं.  नाइफचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग कठीण झाला.

"तू गेलीस कधी सोडायला?"

तिने मान खाली घातली.

"मी गेलो. बारा वर्षांचा असल्यापासून दरवर्षी. दोरी कापली की बाबा दुसरीकडे तोंड करून रडायचे, मी पाण्याची बाटली घेऊन उभा. आणि उन्हाळा संपला की फासेवाल्याला फोन. सोडलेल्यातले किती जगले, कोणी पाहिलं? हिने तर सहा महिन्यांत पंखही पसरलेले नाहीत. सोडली आणि दोन दिवसांत कुठे मरून पडली तर? अबू रयानकडे जगेल तरी. आणि आज सगळ्या आखातात बाबांचं नाव होईल. तुला पुस्तकातून बघायचं असतं, तरफा. मला त्यांचं नाव राहायला हवं आहे."

त्यातलं किती खोटं होतं? बहुतेक काहीच नाही. तेच तिला सहन होईना. या सगळ्या किळसवाण्या बाजारात तिच्या भावाचं दुःख खरं होतं, आणि ते त्याने तिथेच विक्रीला मांडलं होतं.

*

लिलावाच्या मांडवात झगझगीत दिवे होते. पुरुष समोर, बायका एका बाजूला चढत्या बाकांवर. दलाल हडकुळा होता, पण त्याचा आवाज दगड फोडेल असा. त्याने मुतलकची कुळी सांगितली, औदार्य सांगितलं, त्याच्या तंबूतून पाहुणा कधी उपाशी गेला नाही हे सांगितलं. मग वाळवंटाच्या या रक्षकाने पक्ष्यांवर पोटच्या पोरांपेक्षा जास्त माया केली, असं म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या. नाइफ हातमोज्यावर नादराला घेऊन मधोमध उभा राहिला. त्याने टोपी काढली. दिव्यांच्या त्या माऱ्यात ससाणीने डोळे मिटले, उघडले, आणि मग वरच्या पत्र्याकडे बघत राहिली.

बोली चढत गेली. कोण बोलतो आहे हे तरफाला दिसत नव्हतं. कुठे बोट हलायचं, कुठे जपमाळ. टाळ्या पडत होत्या. एकेक माणूस गळत गेला आणि अबू रयान उरला. त्याने लाजल्यासारखं हसून छातीला हात लावला. शेजारच्या बाईने तरफाला ओळखून तिचा हात दाबला आणि ती म्हणाली, अल्लाहने तुमच्या वडिलांना केवढा मान दिला बघा.

दलालाने काठी उचलली. मांडव शांत झाला.

"मुतलकचे वारस राजी आहेत?"

"राजी," नाइफ म्हणाला.

"सगळे?"

नाइफने बायकांच्या बाकांकडे पाहिलं. त्याला उत्तर नको होतं. रीत म्हणून तो बघत होता. आतापर्यंत प्रत्येक वेळी तिने अशा नजरेपुढे मान खाली घातली होती. दलालाची काठी खाली येऊ लागली.

"नाही," तरफा म्हणाली.

ते कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली.

"मी राजी नाही. मी मुतलकची मुलगी. या पक्ष्यात माझा वाटा आहे, आणि मला तो विकायचा नाही."

पुरुषांच्या बाजूने कोणी तरी म्हणालं, बाईसाहेबांना भाव कमी वाटला असेल. हशा पिकला. दलाल हसला नाही. त्याने काठी आडवी धरली आणि नाइफकडे बघून शांतपणे म्हणाला, "एक वारस नाही म्हणतो. सौदा नाही."

"तरफा, खाली बस," नाइफ म्हणाला. तो रागाने बोलला नव्हता. त्याचा आवाज लहानपणीसारखा फाटला होता.

तिला बसता आलं असतं. बोलायचं ते बोलून झालं होतं, पक्षी वाचला होता, उद्या त्याचं काय करायचं ते उद्या बघता आलं असतं. पण तोंड उघडलं होतं, आणि मागचं सगळं त्याच वाटेने वर येत होतं. समोर कोण आहे हे तिला दिसेनासं झालं. तिने आवाज चढवला नाही. शेतघरावरच्या तंबूत बोलावं तशी ती बोलली, आणि मांडव इतका गप्प झाला होता की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"तुम्ही रक्षक नव्हता, बाबा. तुम्ही माळच्या माळ ओस पाडलेत. पक्ष्याला पाच महिने डोळे बांधून अर्धपोटी ठेवायचं, मग एका सकाळी सोडून डोळे पुसायचे, आणि पुन्हा दुसरा आणायचा. मला याची शिसारी यायची. म्हणून मी तुमच्याबरोबर कधी आले नाही. पेपर तपासायचे नसायचे. तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, कारण तुम्ही मला आवडायचात. एवढंच."

ती थांबली. नाइफच्या हातावर नादराने पंख अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

"पण दर मार्चला तुम्ही दोरी कापायचात. ती कोणी कापायला सांगितली नव्हती. तेवढं मी यायला हवं होतं, बाबा. तेवढं बघायला मी यायला हवं होतं."